फ्रेममधले देव

२००६ साल. सिद्धेशच्या अमेरिकेतल्या, कॅरी गावातल्या कंपनीचे मालक मिस्टर डंकन यांनी स्कॉटलंडमधलं आपल्या पणजोबांचं पडकं दगडी घर खपून पुन्हा उभं केलं, आणि त्या घराची वेबसाइट बनवायला सिद्धेशला सांगितलं. घरी बसून फोटो चाळता चाळता तो थबकलाच. फायरप्लेसच्या वर, मखमलीच्या फ्रेममध्ये चांदीचे टाक लावले होते. घोड्यावरचा खंडोबा, शेजारी देवी. पूजा होऊन होऊन चेहरे पार झिजलेले.

"कुणाच्या तरी देवघरातून उचललेत गं हे!" तो बायकोवर, हिमानीवरच ओरडला.

"गप बस. व्हिसा त्यांच्या हातात आहे."

"असू दे यार! देव आहेत ते, शोपीस नाहीत."

त्याने स्पीकरवर फोन लावला आणि म्हाताऱ्या डंकनना सगळं सांगून टाकलं. हे घरातले देव, यांना रोज आंघोळ घालतात, नैवेद्य दाखवतात, असं भिंतीला टांगत नाहीत.

डंकन म्हणाले, "खरंच माहीत नव्हतं रे. पणजोबा तिकडे भारतात फौजेत होते. आता हे ज्या घरातले, ते घर कुठे शोधू? असं कर, तूच घे. तुझ्या घरी आणून देतो. रोज पूजा करशील ना?"

हिमानी हळूच म्हणाली, "आई आपल्या घरचे टाक देत होत्या, तेव्हा 'रोज पूजा कोण करणार' म्हणाला होतास ना?"

"हॅलो? सिद्धेश?"

"नको सर," सिद्धेश घसा खाकरत म्हणाला, "राहू दे तिकडेच. छान दिसतायत."