टोपलीतलं मलम

दोन वर्षं इन्शिराहने रात्री नवऱ्याला डोकेदुखीच सांगितली. खरं दुखणं सांगण्यापेक्षा मेलेलं बरं. काल डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला: पाळी थांबली की आतला ओलावा आटतो, मग जवळीक सुरीसारखी कापते. "साधं मलम आहे. महिन्यात फरक पडेल. आधी का नाही आलात?" कैरोत पुष्कळदा बायका नाही, टोपल्याच बाजाराला जातात; आज तिनेही तिसऱ्या मजल्यावरून दोरीने टोपली सोडली. औषधवाल्याने कागदात गुंडाळून मलम टाकलं. "कशाला गं?" समोरच्या गॅलरीतून शेजारीण करीमाने विचारलं. "गुडघ्याला." "गुडघ्याला कुणी एवढं गुंडाळतं?" तेवढ्यात खाली कामावरून परतलेल्या नवऱ्याने टोपलीत लग्नात वाटायच्या सरबताची बाटली ठेवली. "कुणाचं लग्न?" तिने विचारलं. "माझं दुसरं, शुक्रवारी," तो खालून मायेने म्हणाला. "तुझं डोकं दुखतं ना, तुला त्रास नको." करीमा आत गेली. टोपली वर आली तेव्हा मलम बाटलीखाली चेपलं होतं.