बांगडीतले ठोके

जाऊबाईंनी इंदुमतीच्या हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवल्या आणि धातूच्या बांगडीपाशी त्या थबकल्या. पहाटे गेलेल्या तिच्या नवऱ्याच्या, भास्कररावांच्या हृदयातल्या स्टेंटमधून रक्त कसं वाहतंय, ते ही बांगडी ठोके देऊन इंदुमतीच्या मनगटाला कळवायची. ती अजून ठोके देत होती.

"उचलू नका त्यांना!" इंदुमती ओरडली. "जिवंत आहेत ते!"

तिरडी बांधणारा धाकटा दीर जवळ येऊन बसला.

"वहिनी, स्टेंट पुन्हा बंद होत आला होता. डॉक्टरांनीही हात टेकले. ठोके मंदावले की तुम्ही रात्र रात्र जागत बसायचात, म्हणून दादानं माझ्याकडून बांगडीत चांगल्या दिवसांतले जुनेच ठोके भरून घेतले."

इंदुमतीनं दुसऱ्या हाताची बोटं बांगडीवर ठेवली.

"म्हणजे पहाटे ते तडफडत होते," ती म्हणाली, "आणि मी शेजारी गाढ झोपले होते."