पोच दाखवा

पंधरा वर्षं मी सरकारी शाळेत शिकवलं. आता नागपूरच्या कोर्टात सरकारी शाळांच्या बाजूनं केसेस लढते. आज मौद्याकडच्या एका शाळेची केस होती. मुलींच्या संडासाची भिंत पडून सातवीतल्या एका मुलीचा पाय कायमचा अधू झाला होता.

मी ठणकावून सांगितलं, "ही भिंत धोकादायक असल्याची एकही लेखी तक्रार शिक्षण कार्यालयाला मिळालेली नाही. दिली असेल, तर पोच दाखवा."

मुलीची आई, प्रेमिलाबाई, मागून उठली. "साहेब, पहिलेच्या एक मॅडम सहा वर्ष अर्ज देत होत्या म्हणते सारं गाव. त्या तं नोकरी सोडून गेल्या. त्यायचा पत्ता मले कोण देईन?"

पोच नव्हती. आम्ही जिंकलो.

बाहेर कार्यालयातल्या साहेबांनी खुशीत तर्री-पोहे मागवले. "मॅडम, तुम्ही मास्तरीण होत्या म्हणून जमलं हे. आमचा कारभार आतून माहीत आहे ना तुमाले!" तोंडात घास, ओठांवर तेल, आणि वर ते हसू. समोरच्या झाडाखाली प्रेमिलाबाई मुलीची कुबडी मांडीवर घेऊन बसली होती.

मी प्लेट पुढे ओढली आणि खायला लागले.



त्या सहा वर्षांतले सगळे अर्ज मीच लिहिले होते, आणि त्यांच्या शिक्का मारलेल्या पोचा अजून माझ्या घरच्या कपाटात आहेत.