पाळण्याचा दिवा

बारशाला पाळण्याची दोरी ज्याच्या हातात येई, त्याच्या छातीतल्या ठोक्यांवर पाळण्याचा दिवा उजळे. ठोके वाढले की दिवा लख्ख होई. तो पाहिल्याशिवाय हल्ली पाहुण्यांना बारसं झाल्यासारखं वाटतच नसे.

हेमांगीच्या थोरल्या मुलाच्या बारशाला तिच्या सासऱ्यांनी दोरी धरली, तेव्हा दिवा नुसता मिणमिणला होता. "बाबांना नातवाचं कौतुकच नाही," असं हेमांगी चारचौघांत बोलून गेली होती.

आज धाकटीचं बारसं. बाबांनी दोरी हातात घेतली आणि दिवा असा काही पेटला की बायकांनी टाळ्याच वाजवल्या.

"नातीवर जीव जास्त दिसतोय!" हेमांगी हसली.

बाबा दोरीसकट खुर्चीत टेकले. त्यांचे ओठ निळसर पडले होते, श्वास पुरत नव्हता.

"बाबा, काय होतंय?"

"ठोके आवरणारी ती गोळी काही दिवस गिळतच नाहीये गं," ते कुजबुजले. "मागच्या वेळी तुला फार लागलं होतं ना."

हेमांगीचा चेहरा उतरला. त्यांचं हृदय थकलंय, त्याला धावू द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं. रोज सकाळी ती गोळी तीच त्यांच्या हातावर ठेवायची. टोमणा मारला त्या दिवशीही तिनेच ठेवली होती.

नवरा अँब्युलन्सला फोन लावू लागला. तिने बाबांच्या बोटांतून दोरी हलकेच सोडवून घेतली.

तिच्या हातात येताच दिवा आणखीच भडकला. मागच्या बायकांना वाटलं, आईचा आनंद. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.