हाल्याला आवतण

२०१९ सालचा वैशाख. विवळवेढ्याच्या एका पाड्यावर सोनीबाईच्या धाकट्या पोराचं, तुषारचं, दुसऱ्या दिवशी लग्न होतं. आणि मोठी सून रूपी चौकाची काडी धरून सारवलेल्या भिंतीपुढे नुसतीच बसली होती.

लग्नाचा चौक म्हणजे भिंतीवरचं पांढऱ्या रेघांचं चित्र; ते सवाशिणीनेच काढायचं. रूपीचा नवरा हाल्या मासेमारीच्या बोटीवर खलाशी होता. सहा महिन्यांपूर्वी बोट उलटली. चौघे सापडले, हाल्या सापडला नाही. रूपीचे डोळे भरले की सासू दटावायची, "जित्या माणसाला रडतंस?" मग रूपीने रडणंच सोडलं.

"नवरा समिंदरात नि ही चौकात," शेजारची सरिता पुटपुटली.

"तुझा कुठं असतो ते ताडीच्या झाडाला पूस!" सोनीबाई ताडकन म्हणाली. मग सुनेकडे वळली. "काढ गं. तुझा हात चालतो तवर माझा पोरगा हाय."

रूपीने काडी तांदळाच्या पिठात बुडवली. रेघा सरळ येत होत्या. तिच्या रेघा नेहमीच सरळ येत.

लग्न लावणारी म्हातारी धवलेरी गाऊ लागली. तिच्यामागे पाड्यातल्या विधवांनी सूर धरला. त्यांत सोनीबाईही होती. गाण्यातून आधी देवांना आवतण गेलं. मग घरातल्या मेलेल्यांना, एकेकाचं नाव घेऊन. आजाला झालं. सोनीबाईच्या नवऱ्याला, हिरूला, झालं. धवलेरी थांबली. बाया थांबल्या.

एकच आवाज त्याच चालीवर पुढे गेला.

"हाल्या, ये रे, भावाच्या लग्नाला ये..."

सोनीबाईचे डोळे मिटलेले होते. आपण काय गायलो हे तिला ओळ संपल्यावर कळलं. तिने तोंडात पदर कोंबला. मग धवलेरीने तीच ओळ उचलली, पाठोपाठ बायांनी.

रूपीने काडी खाली ठेवली. ओल्या चौकावर कपाळ टेकून ती सहा महिन्यांचं रडली. सासू सरकत जवळ आली. गप्प बस म्हणाली नाही.

चौक सरिताने पुरा केला.

तुषार बायकोला घेऊन वापीला कारखान्यात कामाला गेला. सोनीबाई दोन वर्षांनी वारली. सरिताचा नवरा अजून ताडीच्या झाडाखाली सापडतो. रूपीने पुन्हा काडी धरली नाही. ती धवलेरीच्या मागे बसून गाते. लग्न कुणाच्याही घरचं असो, मेलेल्यांची नावं संपली की ती हाल्याला बोलावते, आणि गाणं जरा वेळ थांबतं. त्याला लांबून यायचं असतं.