तळाची सही

शनिवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी विल्मा डाइकहाउसने हार्म टर्पस्ट्राचे एक्केचाळीस कागद बाद केले.

त्यांवर तीनशे शहाण्णव सह्या होत्या. प्रत्येक सही खरी होती, प्रत्येक नाव मतदारयादीत होतं. चूक तळाशी होती. ‘या सह्या माझ्यासमोर झाल्या’ असं लिहिलेल्या ओळीखाली गोळा करणाऱ्याने आपली सही आणि तारीख सगळ्यात शेवटी घालायची असते. हार्मने ती सगळ्यात आधी घातली होती. एक्केचाळीस कागदांवर एकच तारीख, एक नोव्हेंबर. लोकांच्या सह्या दोन तारखेपासून पुढच्या.

मोहिमेला पाच हजार सह्या हव्या होत्या. तेवढ्या जमल्या तर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मतदारांपुढे प्रश्न जाणार होता: मतदारसंघांच्या सीमा निवडून आलेल्या सदस्यांनीच आखायच्या, की सोडत काढून निवडलेल्या साध्या नागरिकांनी? हार्मचे कागद वगळले तर एकशे एकोणनव्वद सह्या कमी पडत होत्या. मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

मोहिमेची प्रमुख टेस हिने एक कागद खिडकीपाशी नेऊन पाहिला. “एकच्या शेजारी आणखी एक काढला की अकरा होतात. एक उभी रेघ, विल्मा. कोण बघतंय?”

विल्माने एकोणतीस वर्षं विम्याचे दावे तपासले होते; आता ती मोहिमेचे कागद दाखल होण्याआधी तपासत होती. तिने लाल पेनाला टोपण लावलं.

“रेघ कोणी ओढायची, यावरच तर आपलं सगळं भांडण आहे,” ती म्हणाली.

हार्म नऊला आला. तो एकाहत्तर वर्षांचा होता. त्यातली तीस वर्षं त्याने टँकर घेऊन शेताशेतावरचं दूध उचललं होतं. पावतीवर आधी स्वतःची सही करायची, मग शेतकऱ्यासमोर माप लिहायचं, ही त्याची पद्धत. कागदांचंही त्याने तसंच केलं होतं.

“दुसऱ्याचं नाव मागायचं, तर आधी आपलं सांगायला नको?” त्याने विचारलं. मग म्हणाला, “किती गेल्या?”

“सगळ्या.”

त्याने डोक्यावरून काढलेली टोपी परत घातली. “चल मग. उद्या रविवार, चर्चचा दिवस. रविवारी मी मागणार नाही, आणि आमच्याकडे कोणी देणारही नाही.”

ते हार्मच्या पिकअपमधून निघाले. विल्माच्या मांडीवर मतदारयादी होती. मिळेल ती सही तिथल्या तिथे ताडून पाहायची, असं तिने ठरवलं होतं.

पहिलंच घर जेराल्डिन बोर्स्माचं. तिने कागद उलटसुलट केला आणि तळाशी बोट ठेवलं. “तुझं नाव कुठंय?”

“शेवटी घालायचं असतं.”

“मागच्या खेपेला होतं की. आता काय झालं, तुझाच भरवसा उडाला?”

“नियम आहे, जेराल्डिन.”

“मग थांब, वाचते.” तिने चष्मा आणला. उभ्या उभ्या दोन्ही बाजू वाचल्या. बारा मिनिटं लागली. “मागच्या वेळी तुझं नाव बघून केली होती,” कागद परत देत ती म्हणाली. “आता वाचलं. आता नाही.”

दुपारपर्यंत सगळीकडे हेच झालं. तळाशी हार्म नाही म्हटल्यावर लोक वाचायला बसत. वाचायला वेळ लागे. काही जण वाचून नाही म्हणत, काही प्रश्न विचारत. हार्म सांगे, माझं घर एका मतदारसंघात आहे आणि गोठा दुसऱ्यात, गाईंचा सदस्य निराळा. लोक हसत आणि पुन्हा वाचायला लागत. अंधार पडेपर्यंत अठ्ठावन्न सह्या झाल्या. रविवार तसाच गेला. सोमवारी साडेतीनला आकडा एकशे ऐंशीवर पोचला होता. अजून नऊ हव्या होत्या.

रस्त्यावर एकच शेत उरलं होतं, क्लास हुइझेंगाचं. दुधाच्या मापावरून क्लासचं हार्मशी वाजलं होतं. त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

“मी जाते,” विल्मा म्हणाली.

“नको. मागतोय मी.”

क्लास मुलांबरोबर नाताळची झाडं जाळीत गुंडाळत होता. त्याने वर पाहिलं. “काय रे टँकरवाल्या, रस्ता चुकलास?”

“सही मागायला आलोय.”

“आता बरा आलास. मागे सगळ्या गावाला विचारलंस, माझ्या दारावरून पुढे गेलास. शेजाऱ्याने दाखवला होता तुझा कागद.”

“तू केली नसतीस.”

“नसतीच केली.” क्लासने हातमोजे काढले आणि कागद घेतला. आधी तळ पाहिला. तिथे काही नव्हतं. मग तो वरपासून वाचत गेला, ओठ हलवत. विल्मा घड्याळाकडे पाहत होती. चार वाजून सहा मिनिटं झाली होती.

“शेवटी कोणाचं नाव यायचं ते आधीच लिहून ठेवायचं आणि वर मला सही करायला लावायची,” क्लास म्हणाला, “ते तर मी दर निवडणुकीला करतोच की. यात तळ तरी कोरा आहे.”

त्याने सही केली. मग मुलांना हाक मारली, सुनांना घरातून बोलावलं, झाडं भरायला आलेल्या माणसांनाही. बारा सह्या झाल्या. त्या यादीशी ताडून पाहायला वेळ उरला नव्हता.

चार वाजून एकावन्न मिनिटांनी हार्मने काउंटी कार्यालयाच्या खिडकीशी उभं राहून शेवटच्या कागदाच्या तळाशी सही केली आणि तारीख घातली. दाखल झालेल्या सह्या पाच हजार तीन. कार्यालयाची तपासणी मंगळवारी सुरू झाली. हुइझेंगाच्या शेतावरच्या बारापैकी किती जणांची नावं मतदारयादीत आहेत, हे गुरुवारी सकाळपर्यंत कळलेलं नव्हतं.