उठायची वेळ

इंद्रजीत सरांचा फोन आज भीमरावांना न येता शालनच्या मोबाइलवर आला.

वैशाख पौर्णिमेची दुपार होती. विहाराला कुलूप, म्हणून शालनने सकाळी घरातच बुद्धमूर्तीपुढे बसून अष्टशील, म्हणजे आठ नियमांचं व्रत, घेतलं होतं. पांढरी साडी नेसली होती, बाराच्या आत जेवण आटोपलं होतं. दर पौर्णिमेचा हा नेम बावीस वर्षांत चुकला नव्हता. टाळेबंदी आली म्हणून तो मोडावा असं तिला वाटलं नाही.

आतल्या खोलीत मैत्री झोपली होती. आठशे मीटर धावणारी, राज्यात दुसरी आलेली तिची आणि भीमरावांची लेक. वाघोलीतल्या या दोन खोल्यांत दीड महिना कोंडली गेली होती. मैदान बंद, म्हणून इमारतीचा चार मजल्यांचा जिना चढत-उतरत होती.

सर तिचे प्रशिक्षक. ते लांब सांगलीला अडकले होते. राष्ट्रीय शिबिरासाठी सहा मुलींची यादी संध्याकाळपर्यंत पाठवायची आहे, ते म्हणाले. मैत्रीचा तक्ता समोर घेऊनच बोलत होते.

सरांनी दिलेला तो तक्ता रोज भरून मोबाइलवर पाठवायचं काम भीमरावांचं. कधी झोपली, कधी उठली, सराव किती वेळा, असे त्यात रकाने. भीमराव मार्केट यार्डात तोलणार, मालाचं वजन करणारे. अठराव्या वर्षापासून पहाटे तीनला उठून कांद्याच्या काट्यापाशी उभं राहिलेला माणूस. ऊन वर येईपर्यंत लोळणाऱ्या पोरीला शिबिरात कोण घेणार, हा त्यांचा साधा हिशोब. म्हणून मैत्री कितीही वाजता उठली तरी रकान्यात पहाटेचे चार पडत. झोप पाच तास. सराव दोन वेळा.

शालन बघायची. अहो, हे बरं नाही, असं एकदोनदा म्हणालीही होती. बरं-वाईट सर ठरवतील, तू भाकरीकडे बघ, असं उत्तर मिळालं. मग ती भाकरीकडे वळायची. तिला कुणी विचारलं नव्हतं.

आज विचारलं.

“ताई, मला हे तुमच्याकडून ऐकायचंय. मैत्री उठते किती वाजता?”

भीमराव समोर लसूण सोलत बसले होते. त्यांनी ताटली बाजूला सारली आणि चार बोटं वर केली. शालनने पाहिलं नसेल म्हणून उठून जवळ आले. चारही बोटं तिच्या डोळ्यांसमोर धरली.

शालन त्या बोटांकडे बघत राहिली. दहा वर्षं हा माणूस पोरीला सायकलवर मागे बसवून अंधारात मैदानावर सोडत आला होता आणि तिथूनच तसाच यार्डात जात होता. एका शब्दाने ते सगळं जाणार. पोरगी झोपेतून उठेल तेव्हा तिला काय सांगायचं? पण सकाळी हात जोडून, खोटं बोलणार नाही, असंही तीच म्हणाली होती. तेव्हा खोलीत ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून काय झालं.

“साडेआठला,” ती म्हणाली. अर्धंच सांगितलं तर तेही खोटंच, म्हणून थांबली नाही. “दुपारीही झोपते, सर. आत्ताही झोपलीय. आणि जिना एकदाच करते, सकाळी नऊला.”

भीमरावांची बोटं एकेक करून मिटली. ते पुन्हा लसणापाशी जाऊन बसले, पण पाकळीला हात लावला नाही.

मग सरांनी भीमराव आहेत का विचारलं आणि स्पीकर लावायला सांगितला.

“भीमराव, पोरीचं नाव मी सकाळीच खोडलं होतं. पाच तास झोपून दोनदा सराव करणारी मुलगी शिबिरात आठवडाभर टिकत नाही, पाय धरून बसते. अहो, धावून शरीर झिजतं. भरून येतं ते झोपेत. तक्ता खरा वाटेना, म्हणून ताईंना विचारलं. आता परत लिहितो नाव.”

भीमराव घसा खाकरून म्हणाले, “मग झोप हवी, हे तक्त्यात छापायचं होतं.”

सर हसले. उद्यापासून तक्ता ताईंनी भरायचा, एवढं बजावून त्यांनी फोन ठेवला.

शालनला सूर्यास्तानंतरही काही खायचं नव्हतं. तरी पोट भरल्यासारखं वाटत होतं. भीमरावांनी लसूण सगळा सोलून दिला, नंतर न सांगता कोथिंबीरही निवडली.

संध्याकाळी मैत्रीला कळलं. ती आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि रात्री गजर न लावता झोपली.

दुसऱ्या दिवशी यार्ड बंद असूनही भीमराव सवयीने तीनलाच उठले आणि मांजराच्या पावलांनी घरात फिरत राहिले. खिडकीतून ऊन आत आलं तसा पडदा ओढला. शालनला मिक्सर लावू दिला नाही. साडेआठ झाले, नऊ वाजून गेले. साडेनऊला दारावर टकटक झाली. बेल वाजायच्या आत त्यांनी दार उघडलं.

खालच्या मजल्यावरच्या सुशीलाबाई पदर नाकाला लावून तीन पायऱ्या खाली उभ्या होत्या. रोज नऊला जिन्यात पावलं वाजतात, आज काहीच ऐकू आलं नाही. दिवस हे असे. त्यांच्या जिवाला घोर लागला होता. पोरगी बरी आहे ना, त्यांनी विचारलं.

भीमरावांनी दार मागे लोटून घेतलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला, सुशीलाबाई. तिचा सराव चालू आहे.”